चेहरा एकीचा, हात दुसरीचे: स्थळासाठीच्या फोटोंचे एक पॅकेज

लग्नाच्या बायोडेटासोबत पाठवायचे फोटो काढून घेण्यासाठी गेल्या महिन्यात मी माझ्या भाचीबरोबर कोल्हापुरातील एका स्टुडिओत गेले होते. साडेतीन हजार रुपयांच्या त्या पॅकेजमध्ये तीन वेळा कपडे बदलण्याची मुभा, दीड तासाचे फोटोसत्र, निवडलेल्या सहा फोटोंचे एडिटिंग, त्यांच्या सॉफ्ट कॉपी आणि दोन मोठे प्रिंट एवढे मिळते. पासपोर्ट आकाराचे आठ फोटो वर मोफत. स्टुडिओचे नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल, कारण मला जे खटकले ते त्या एका दुकानापुरते नाही. त्याच रस्त्यावरच्या आणखी चार स्टुडिओंच्या काचा मी मुद्दाम थांबून पाहिल्या, आणि चारही ठिकाणी तशीच किंचित कललेली मान, तसेच अर्धे हसू आणि चेहऱ्यांवर तसाच पिठूळ उजेड होता.

मी ३१ वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांनी रंगवलेले चेहरे तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे एखाद्या चित्रात त्वचेचा रंग कुठे बिघडला आहे ते माझ्या नजरेला आपोआप कळते, आणि फोटोकडे पाहतानाही ती सवय सुटत नाही. या परीक्षणात ती सवय वाचकांना जाणवेल.

आधी जे चांगले आहे ते सांगते, कारण ते खरोखर चांगले आहे. स्टुडिओ स्वच्छ आहे. कपडे बदलण्याची खोली प्रशस्त असून तिला आतून कडी आहे. मोठा आरसा, इस्त्री, टाचण्या आणि सेफ्टी पिनांचा डबा अशा गोष्टी न मागता मिळतात, आणि साडीच्या निऱ्या नीट करून द्यायला एक बाई हजर असतात. वेळ दिली होती अकराची आणि काम सुरू झाले अकरा वाजून दहा मिनिटांनी, हे लग्नाच्या हंगामात कौतुकास्पदच म्हणायला हवे. प्रकाशयोजना जाणकाराची होती. एका बाजूने मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी दिव्यावरची कापडी पेटी, दुसऱ्या बाजूला उजेड परतवण्यासाठी उभा केलेला थर्माकोलचा साधा तक्ता, आणि केसांची कड उठून दिसावी म्हणून मागून एक लहान दिवा. मागे एक जुना, हाताने रंगवलेला कापडी पडदाही गुंडाळून ठेवलेला दिसला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले ते हे गाव. त्यामुळे मी तो पडदा वापरण्याचा आग्रह धरला. मालकांनी हसून नकार दिला. आता सगळ्यांना पांढरी किंवा राखाडी पार्श्वभूमी हवी असते, हे त्यांचे म्हणणे मला पटले नाही, पण समजले.

चौथ्या दिवशी सहा फोटो आले. फोटो मोठा करून पाहण्याआधी माझ्या मनात आले ते एवढेच की ही कोणाची मुलगी आहे.

माझी भाची सिव्हिल इंजिनिअर आहे आणि गेली दोन वर्षे सोलापूरच्या बाजूला रस्त्याच्या कामावर आहे. तिचा मूळ रंग सावळा. त्यात उन्हाने गाल आणि नाक रापलेले, आणि साइटवर हेल्मेट घालत असल्यामुळे कपाळावर केसांखाली एक अस्पष्ट रेषा आहे, जिच्या वरचा भाग थोडा उजळ आणि खालचा गडद दिसतो. डाव्या भुवईत लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खूण आहे. आलेल्या फोटोत ती रेषा नव्हती, खूण नव्हती, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या त्वचेवरची बारीक रंध्रे नव्हती, आणि सावळा रंग तर अजिबात नव्हता. चेहरा गुलाबीकडे झुकणाऱ्या फिकट पिवळ्या रंगाचा, सर्वत्र एकसारखा झाला होता. जबड्याची रुंदी कमी केल्याचाही मला संशय आला, तो पुढे खरा ठरला. मात्र उभ्या फोटोत एडिटिंग करणाऱ्याचा हात मानेपाशी थांबला होता. साडीच्या पदरावर ठेवलेले दोन्ही हात भाचीचेच होते, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखालचा फिकट पट्टा धरून. एकाच फोटोत चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे, असे ते चित्र होते.

शाळेत चौथी-पाचवीची मुले माणूस रंगवायला बसली की शेजारच्याकडे 'स्किन कलर' मागत. रंगपेटीतली ती फिकट गुलाबी-पिवळसर कांडी. मागणाऱ्या मुलाचा हात त्या कांडीपेक्षा कितीतरी गडद असे, पण चित्रातला माणूस त्याच कांडीने रंगवायचा याबद्दल त्याला शंका नसे. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने १९६२ मध्ये आपल्या अशाच एका रंगाचे 'फ्लेश' हे नाव बदलून 'पीच' केले. आमच्या वर्गात मात्र 'स्किन कलर' हा शब्द मी निवृत्त होईपर्यंत टिकून होता. मी मुलांना विटकरी, पिवळी माती आणि थोडासा निळा मिसळून स्वतःच्या मनगटाशी जुळेल असा रंग करायला लावत असे. तो जुळला की त्यांना आधी आश्चर्य वाटे, आणि मग हा रंग चित्रात 'चांगला दिसत नाही' असे त्यातली बरीचजण सांगत. दहा वर्षांच्या मुलांच्या त्या वाक्यात सगळे आले. त्वचेचा रंग कोणता ते त्यांना दिसत होते. चित्रातली त्वचा कोणत्या रंगाची असायला हवी हे त्यांनी आधीच कुठूनतरी शिकून ठेवले होते. स्टुडिओतील एडिटिंग करणारा मुलगा अशाच एखाद्या वर्गातून आला असणार.

त्याला आणि मालकांना भेटण्यासाठी मी प्रिंट घेण्याच्या निमित्ताने पुन्हा गेले. मुलाने मोकळेपणाने संगणकावर सगळे दाखवले. प्रत्येक फोटोसाठी तो वेगळा विचार करत नाही. एक तयार सेटिंग साठवून ठेवलेले आहे, ते एका क्लिकमध्ये लागू होते. त्यात त्वचेचा पोत आणि त्वचेचा रंग वेगळे केले जातात, पोत पुसट होतो, रंग उजळतो, डोळ्यांचा पांढरा भाग आणखी पांढरा होतो आणि जबडा थोडा आत घेतला जातो. मग तो डाग आणि पुटकुळ्या हाताने काढतो. हात राहून गेले, कारण ते सेटिंग फक्त चेहरा ओळखते. मुलाला आपली चूक झाली असे वाटले ती हातांच्या बाबतीत. "मॅडम, हातही करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे," असे तो म्हणाला. चेहरा पूर्वीसारखा करून दे, असे मी सांगितल्यावर तो मालकांकडे बघू लागला.

मालक साठीचे आहेत, त्यांच्या वडिलांपासून हा धंदा आहे. त्यांचे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटले. "काकू, गोरं केलं नाही म्हणून परत आलेली गिऱ्हाइकं मी तीस वर्षं बघतोय. गोरं केलं म्हणून परत आलेल्या तुम्हीच पहिल्या बघा." मग त्यांनी वडिलांच्या काळातली गोष्ट सांगितली. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या दिवसांत रिटचिंग निगेटिव्हवर होत असे. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या तिरप्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने त्यावर बारीक बारीक रेघा मारत. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल चाले तिथून प्रिंट काढताना कमी उजेड जाई, म्हणजे प्रिंटमध्ये तो भाग उजळ येई. चेहरा गोरा करायचा तर निगेटिव्ह काळी करायची. हे काम शिकायला तेव्हा वर्षे लागत, आणि कारागिराला सुरकुत्या, पुटकुळ्यांचे डाग आणि चेहऱ्याची हाडे यांतला फरक कळावा लागे. आज त्या कौशल्याची जागा एका क्लिकने घेतली आहे, आणि माझी मुख्य तांत्रिक तक्रार इथेच आहे. कारागीर निदान प्रत्येक चेहऱ्यासमोर थांबत होता.

फोटोचे तंत्र सावळ्या माणसाला आधीच प्रतिकूल असते, त्यामुळे थोडी दुरुस्ती लागतेच, असे एक समर्थन अशा वेळी ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण ते तथ्य वेगळ्या दिशेला नेते. कॅमेऱ्यातील स्वयंचलित प्रकाशमापक समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. म्हणून पांढऱ्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या सावळ्या माणसाचा चेहरा फोनवर काळवंडतो. रंगीत फोटोंच्या काळात तर रंग जुळवण्याची कसोटीच एका गोऱ्या बाईचा चेहरा होती. कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून प्रयोगशाळांना नमुन्यादाखल एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असलेले कार्ड पुरवत असे, आणि त्या कार्डाला सगळे 'शर्ली' म्हणत. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर चालले आहे असे मानायचे. गडद छटा नीट टिपणारी फिल्म पुढे आली, तिच्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी होत्या असे कोडॅकमधील माणसांनीच नंतर सांगितले आहे. माणसांच्या चेहऱ्यासाठी जे झाले नाही ते शिसवी टेबलासाठी झाले. कार्डावर निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया दिसू लागल्या त्या १९९० च्या दशकात. अलीकडे गूगलने २०२१ मध्ये आपल्या पिक्सेल फोनसाठी गडद त्वचा अचूक टिपणारी सोय जाहीर केली आणि २०२२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली दहा छटांची मोजपट्टी स्वीकारली. यंत्राचा पूर्वग्रह असा दुरुस्त करता येतो: उजेड वाढवून, मापन बदलून, छटा जपून. आमच्या स्टुडिओत तर हेही करण्याची गरज नव्हती. मुलाने मूळ, एडिट न केलेला फोटो उघडला तेव्हा मी अवाक् झाले. कॅमेऱ्यामागच्या माणसाने इतका उत्तम प्रकाश दिला होता की गालाच्या हाडावर तांबूस चमक, हनुवटीखाली उबदार सावली आणि त्वचेचे खरे दाणे सगळे त्यात होते. एवढे चांगले काम करून मग ते पुसून गिऱ्हाइकाला देणारा दुसरा धंदा मला माहीत नाही.

त्याच भेटीत पाकिटातून पासपोर्ट आकाराचे आठ फोटो हाती पडले, आणि माझ्या मते या पॅकेजमधील सगळ्यात बोलका भाग तोच आहे. त्याच दिवशी, त्याच दिव्याखाली, त्याच कॅमेऱ्याने काढलेला हा फोटो संपूर्ण खरा होता. रंग तिचा, भुवईतली खूण जागच्या जागी, कपाळावरची रेषा स्पष्ट. कारण विचारले तर मुलगा म्हणाला की पासपोर्टच्या फोटोत काही बदललेले चालत नाही, नाकारतात. म्हणजे एकाच छताखाली दोन नियम चालतात. सरकारला माणूस ओळखता यायला हवा, म्हणून तिथे चेहरा जसा आहे तसा. होणाऱ्या सासरच्या माणसांनी तिला ओळखावे अशी अपेक्षा या व्यवहारात कुणाचीच दिसत नाही. मी दोन्ही फोटो काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. मालकही थोडा वेळ पाहत राहिले.

पोझविषयीही लिहायला हवे, कारण फोटोचा अर्थ रंगापाशी संपत नाही. तीन वेशांचा क्रम ठरलेला आहे: आधी काठापदराची साडी, मग पंजाबी ड्रेस, शेवटी 'वेस्टर्न'. साडीत ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी, नजर कॅमेऱ्याच्या थोडी खाली. ड्रेसमध्ये हात एकमेकांत गुंतवलेले. जीन्समध्ये मात्र खळाळून हसायचे, पण उभे राहायचे ते दाराआडून डोकावल्यासारखे अर्धवट वळून. तिन्ही फोटो मिळून एक वाक्य तयार होते, की मुलगी घरातली आहे, शिकलेली आहे, मोकळी आहे पण हाताबाहेर गेलेली नाही. भाचीने हेल्मेट आणि कामाचे बूट सोबत आणले होते. एक फोटो त्या वेशात काढावा असे तिला वाटत होते. मालकांनी तो काढला, पण निवडलेल्या सहांत घेऊ नये असे सुचवले, आणि त्याऐवजी टेबलावर लॅपटॉप ठेवून एक फोटो घेतला. लॅपटॉप स्टुडिओचा होता आणि बंद होता. मुलींच्या नोकरीची खूण म्हणून तो तिथे कायमचा ठेवलेला असतो. मुलांच्या फोटोंत तो उघडा असतो की नाही, हे मी काचेत शोधले. मुलांच्या हाती लॅपटॉप देण्याची गरजच कुणाला वाटलेली दिसली नाही. मुले नुसती उभी होती, खिशात एक हात घालून, थेट समोर बघत. त्यांच्याही चेहऱ्यांवर तेच सेटिंग लागले होते, पण थोडे हलके. दाढीचा पोत शाबूत होता.

हे सगळे कुठून येते याचा विचार केला तर उत्तर स्टुडिओत सापडत नाही. आपल्या घरातल्या भिंतींकडे बघावे लागते. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला रविवर्मा प्रेस घराघरांत पोहोचला तेव्हापासून लक्ष्मी-सरस्वतीचा गोरा, शांत, सावलीविना उजळलेला चेहरा आपल्या डोळ्यांना 'सुंदर' या शब्दाचा अर्थ म्हणून ठाऊक आहे. जो देव नावानेच काळा, त्या कृष्णाला आपण कॅलेंडरवर आकाशी निळा रंगवतो. सावळ्या विठ्ठलासाठी पायी पंढरपूरला जाणारे आम्ही लोक. पण सून शोधताना 'सावळी' हा शब्द बायोडेटात लिहायला आमचा हात धजत नाही, तिथे 'गव्हाळ' किंवा 'निमगोरी' असे लिहिले जाते. गव्हाच्या शेकडो जाती असतील, त्यातला कोणता गहू असे कुणी विचारत नाही. शब्दांत जी सफाई 'गव्हाळ' करतो तीच फोटोत तो एक क्लिक करतो.

बाजाराने या सफाईला आकार दिला. हिंदुस्तान लिव्हरने १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली हे क्रीम आणले, आणि त्या प्रकारच्या जाहिरातींनी आपल्याला एक चित्रभाषा शिकवली. शेजारी शेजारी दोन चेहरे, पहिला काळसर आणि खिन्न, दुसरा उजळ आणि हसरा. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून गोरेपणा हा काळाच्या ओघात पुढे येणारा, मुक्कामाचा चेहरा ठरतो, आणि सावळेपणा मागे टाकायचा. नोकरी, नवरा, आत्मविश्वास हे सगळे दुसऱ्या चेहऱ्याच्या बाजूला. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये नियम केला की सावळ्या व्यक्तीला दुःखी, निराश किंवा अनाकर्षक दाखवू नये. कंपनीने २०१९ मध्ये वेष्टनावरचे दोन चेहरे आणि छटांची पट्टी काढली. पुढच्या वर्षी, अमेरिकेत कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर वर्णभेदाविरुद्ध जगभर आवाज उठला, त्या जून महिन्यात नावातून 'फेअर' काढण्याची घोषणा झाली आणि जुलैत 'ग्लो अँड लव्हली' हे नाव आले. त्याच जून २०२० मध्ये शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगानुसार स्थळे शोधण्याची सोय बंद केली.

हे बदल झाले ते बरेच झाले. परंतु शब्द गेला तरी चित्र राहते, हे आमच्या पॅकेजच्या माहितीपत्रकात ठळक दिसले. त्यात 'गोरे' असा शब्द एकदाही नाही. आहे तो 'नॅचरल ग्लो'. रंगाची चाळणी संकेतस्थळावरून गेली, पण चाळणीतून पार होण्यासाठी केलेला चेहरा स्टुडिओतून येतोच आहे, आणि आता तर तो आपल्याला 'नैसर्गिक' या नावाने मिळतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी संगणकावर बारीक किंवा जाड केली असेल तर तसे लिहावे लागते. नॉर्वेत २०२२ पासून त्वचेतील फेरफारालाही अशी खूण सक्तीची झाली. असे नियम जाहिरातींना लागू होतात. लग्नाचा फोटो जाहिरात मानला जात नाही, आणि तरीही या देशातील बहुसंख्य मुलींच्या आयुष्यात त्यांची स्वतःची एवढी एकच जाहिरात होते.

माझ्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, पहिले सहाही फोटो आवडले होते, हे इथे लिहिले नाही तर परीक्षण अप्रामाणिक होईल. तिचे म्हणणे सोपे होते. "पहिल्या फोटोलाच नाही म्हणाले तर तिचा पगार, शिक्षण, स्वभाव कोण बघायला बसलंय? आधी घरात पाऊल तर पडू दे." हे चूक आहे असे मला म्हणता येत नाही. ज्या बाजारात इतर सगळे फोटो त्या सेटिंगमधून गेलेले आहेत तिथे एकटीने खरा फोटो पाठवणे म्हणजे काय, ते आईला माझ्यापेक्षा जास्त कळते. पण कांदेपोह्यांच्या दिवशी काय होते तेही मी तिच्याच थोरल्या मुलीच्या वेळी पाहिले आहे. पाहुण्यांची नजर आधी हातातल्या फोनकडे जाते, मग समोरच्या मुलीकडे, मग पुन्हा फोनकडे. 'फोटोत वेगळी दिसत होती' हे वाक्य कुणी मोठ्याने बोलत नाही. त्या फरकाची किंमत स्टुडिओ भरत नाही, आई भरत नाही. समोर ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी भरते, आणि तेही तिने कधी मागितलेल्या नसलेल्या चेहऱ्याबद्दल.

म्हणून माझा निष्कर्ष असा आहे की ही सेवा कसबी आहे, वेळेवर आहे, सौजन्याची आहे, आणि ती आम्हाला दिलेलीच नाही. पैसे आम्ही मोजले, पण प्रत्येक निर्णय घेताना स्टुडिओच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक म्हणून एक दुसराच माणूस होता: अजून ज्याचे नाव माहीत नाही, जो कुठल्यातरी गावी सोफ्यावर बसून अंगठ्याने फोटो पुढे सरकवणार आहे. तो काय नाकारेल याचा अंदाज बांधून चेहरा केलेला आहे. फोटोत माझी भाची कमी आणि तो जास्त दिसतो. कदाचित तो माणूस तितका कोत्या मनाचा नसेलही. त्याला विचारायला कुणी जात नाही. तीस वर्षे परत येणारी गिऱ्हाइके त्याच्या वतीने बोलत आली आहेत.

आमचे काम शेवटी झाले. मालकांनी जास्तीचे पैसे न घेता सहाही फोटो मूळ फायलींवरून पुन्हा करून दिले, आणि एडिटिंग आमच्यासमोर बसून झाले. मी एकच नियम सांगितला होता: पंधरा दिवसांत आपोआप जाणार असेल ते काढा, राहणार असेल ते राहू द्या. गालावरची पुटकुळी गेली, भुवईतली खूण राहिली. डोळ्यांखालची काळी वर्तुळे हलकी करू का, असे मुलाने विचारले तेव्हा मी नाही म्हणणार होते, पण त्याआधीच भाची म्हणाली, "करा. परवा रात्रभर स्लॅब होता, ती माझी नाहीत, कंत्राटदाराची आहेत." हेल्मेटमधला फोटोही तिने सहांत घ्यायला लावला. प्रिंटचा कागद मॅट घेतला तो निर्णय चांगला ठरला. चकचकीत कागदावर सावळ्या चेहऱ्याच्या गडद छटा खोलीतल्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात हरवतात.

या प्रकारचे पॅकेज घेणाऱ्यांना माझी सूचना अशी की बुकिंग करतानाच 'स्किन टोन बदलायचा नाही, चेहऱ्याचा आकार बदलायचा नाही' हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि मूळ फायलीही मागाव्यात. तोंडी सांगितलेले एडिटिंगच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही, कारण फोटो काढणारा आणि एडिट करणारा हे वेगळे असतात. मूळ फायलींचे आमच्याकडून वेगळे तीनशे रुपये घेतले. ते सार्थकी लागले. पाचपैकी तारे द्यायचे तर प्रकाशयोजनेला पाच, वागणुकीला पाच, पहिल्या सहा फोटोंना एक, आणि दुसऱ्या सहांना साडेचार; अर्धा तारा बंद लॅपटॉपसाठी कापला आहे.

बायोडेटातून भाचीने 'वर्ण' ही ओळ काढून टाकली. बहिणीच्या फोनमध्ये आता फोटोंचे दोन्ही संच आहेत. ती कोणाला कोणता पाठवते, ते मी विचारलेले नाही.